कचऱ्याचं गोत्र

मेथीची जुडी घेण्याआधी तिच्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याला तपासणीची लेखणी टेकवायची, याची एव्हाना सगळ्यांना सवय झाली होती. पूर्वी बायका देठ मोडून बघायच्या, आता लेखणी टेकवून बघत, एवढाच फरक. लेखणीच्या पट्टीवर हिरवी रेघ उमटली की जुडी पिशवीत. याचा राग भाजीवाल्यांनाही येत नसे.

त्या रविवारी सकाळच्या बाजारात वासंती हावळनं बोलता बोलताच बायाक्काच्या मेथीला लेखणी टेकवली. रेघ लाल आली आणि तिच्याखाली अक्षरं उमटली : झळाळी प्लेटिंग वर्क्स.

धातूंना मुलामा देणारा हा कारखाना वासंतीचाच होता.

बायाक्कानं लेखणी हातात घेऊन एकेक अक्षर लावत नाव वाचलं. "ह्ये कोन वो ताई? वळखीचं हाय काय?"

"माहीत नाही," वासंती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःची लाज वाटली. भाजी कुठं धुतलीस, एवढंच तिनं विचारलं. विहिरीची मोटर जळाल्यामुळं आज पहिल्यांदाच बोरवस्तीच्या बंद खाणीतल्या पाण्यात धुतली, असं बायाक्का म्हणाली. खाणीशेजारच्या बोअरचं पाणी तर सगळी वस्ती पीत होती, आणि लेखणी तिथं कुणाकडंच नव्हती.

लेखणीचा कायदा येऊन तीन वर्षं झाली होती. प्रत्येक कारखान्यानं आपल्या घातक कचऱ्यात उगमकण मिसळायचे, हा नियम. प्रयोगशाळेत विणलेले हे सूक्ष्म धागे. प्रत्येक कारखान्याची वीण वेगळी. ते पाण्यात विरघळत नाहीत, मातीत कुजत नाहीत, फक्त प्रक्रिया केंद्राच्या भट्टीतच जळतात. कचरा कुठंही ओतला तरी तिथल्या थेंबभर पाण्यावरून लेखणी मालकाचं नाव सांगते. सरकारी कागदावर याला 'उगमखूण' म्हणत. लोक आपले 'गोत्र' म्हणून मोकळे झाले.

सक्तीच्या प्रशिक्षणात अधिकारी म्हणाले होते, "लग्नानंतर मुलीचं गोत्र बदलतं, कचऱ्याचं बदलत नाही. दुसऱ्याच्या गाडीत चढवला तरी तो तुमचाच." सगळे हसले होते. वासंतीला तर हा विनोद इतका आवडला की क्रोमियमच्या गाळाची निळी पिंपं गाडीत चढली की ती त्यांच्यावर थाप मारून म्हणायची, "दिल्या घरी सुखी राहा." बावीस कामगार दर वेळी हसायचे.

या बाबतीत ती काटेकोर होती. पिंपांना घट्ट झाकणं, झाकणावर स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी, परवान्याची गाडी. गाडी चालवायला धाकटा भाऊ दिगंबर. वाहतुकीला बाहेरचा माणूस ठेव, असं दोघातिघांनी सुचवलं होतं, पण घरचा असताना बाहेरचा कशाला? दर खेपेला तो केंद्राची पावती आणायचा. वजन बरोबर, गोत्र बरोबर. पावती फायलीत लावताना वासंतीला आपण शहाण्यासारखं वागतो याचं समाधान वाटे.

लेखणीच बिघडली असेल, असं स्वतःला समजावत ती स्कूटरवरून खाणीवर गेली. काठावर गाडीच्या चाकांचे माग होते. पाण्यावर पिवळसर झाक होती. लेखणी बुडवली, लाल. बोअरच्या तोटीखाली धरली, तिथंही लाल, फिकट पण लालच. झुडपात एक निळं झाकण पडलं होतं. चिठ्ठीवरचं अक्षर तिचंच होतं.

दिगंबर जेवायला बसला होता. तिनं झाकण त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. तो नाही म्हणाला नाही, घासही थांबवला नाही. केंद्राच्या दारात दाट गाळाच्या गाड्यांना दोन-दोन दिवस उभं राहावं लागतं, पातळ मालाची रांग तासाभरात सरते, असं त्यानं सांगितलं. मग तो प्रत्येक पिंपातला बराचसा गाळ खाणीत ओतायचा आणि वजन भरेल एवढं पाणी वर घालायचा. केंद्राचं यंत्र वजन बघतं आणि गोत्र बघतं. गाळ पाऊण पिंप असो की वाटीभर, गोत्र तेच.

"वस्ती ते पाणी पिते रे," वासंती म्हणाली.

"ताई, दर खेपेला तू काय विचारायचीस? पावती आणलीस का. पिंपांचं काय झालं, हे एकदा तरी विचारलंस?"

वासंतीनं पिशवीतून लेखणी काढली. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "लेखणीवरचं 'कळवा' दाबलं तरच प्रदूषण मंडळाला जातं. दाबू नकोस. नाव तुझंच येतंय त्यात, माझं नाही."

याच भावाला तिनं हाताला धरून परवाना मिळवून दिला होता. त्यानं फसवलं याचं दुःख होतंच, पण फसवताना त्यानं तिचंच नाव ढालीसारखं पुढं धरलं होतं, आणि आता तीच ढाल तो तिला दाखवत होता. असा संताप तिला उभ्या आयुष्यात आला नव्हता. ती झाकण उचलून बाहेर पडली.

दुपारी बाजार उठायला आला होता. मेथीचा ढीग गोणपाटाखाली झाकून बायाक्का नुसती बसून होती. एकही जुडी विकली नव्हती.

"इकू कशी?" ती म्हणाली. "कुनाच्या तरी लेकराच्या पोटात जायाची."

वासंतीनं तिच्यासमोरच लेखणीवरचं 'कळवा' दाबलं. कारखान्याला टाळं लागणार, बावीस घरांच्या चुली तिच्या डोळ्यांपुढं आल्या, तरी दाबलं. पट्टीवर रकाने उघडले. ठिकाण : बोरवस्तीची खाण आणि शेजारचं बोअर. वाहतूक कोणी केली : दिगंबर. इथं तिचा हात थांबला, मग तिनं आडनावही लिहिलं. कचरा कोणाचा, हा रकाना आधीच भरलेला होता.

"बायाक्का, वस्तीवर निरोप धाड. बोअरचं पाणी आत्तापासून कुणी तोंडात घालू नका. टँकर मी पाठवते."

"त्यो झळाळीवाला घावला व्हय?"

"तो कारखाना माझा आहे."

बायाक्का ओरडली नाही, शिवी दिली नाही. गोणपाट नीट करत तिनं एवढंच विचारलं, "मग सकाळी 'म्हाईत न्हाई' का म्हनलासा, ताई?"