तिसरे बटण

शर्वरीने पेटीचे झाकण उघडले. आतली नाचणीची रोपे सुकून काड्या झाली होती. दुसऱ्या पेटीत तेच, पुढच्या पेट्यांतही तेच. चंद्रावरच्या या वस्तीत पीक आले नाही तर वस्ती बंद करून सगळ्यांना पृथ्वीवर परत नेणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आणि बियाणे संपले होते.

कोडे असे, की पेट्यांचे नळ-दिवे चालवणाऱ्या पडद्यावरचे पाण्याचे बटण लोक रोज दाबत होते. शिवाय तपासू नावाचा यंत्रमानव रोज त्या पडद्याची स्वयंचाचणी (यंत्रानेच यंत्राची घेतलेली परीक्षा) घेई आणि ‘पाण्याचे बटण ठीक’ असे ठासून सांगे. त्याच्या भरवशावर कोणी पेट्या उघडल्याच नाहीत. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, तो हा असा.

हा पडदा आणि त्याची चाचणी शर्वरीच्या कालिंदीआत्याने बनवलेली. ती शास्त्रज्ञ, पण आज तिलाही हे कोडे सुटेना. शेवटी शर्वरीनेच तपासूला पाण्याचे बटण दाबून दाखवायला सांगितले. त्याने वरून तिसरे बटण दाबले. ते दिव्याचे होते.

आत्याने कपाळाला हात लावला. पाण्याचे बटण पूर्वी तिसरे होते खरे, पण पाडव्याला पोरांनी हट्ट करून सर्वांत वर शुभेच्छांचे बटण बसवून घेतले. त्या खटाटोपात पाण्याच्या बटणाचा नळाशी असलेला सांधा तुटला आणि ते बटण सरकून चौथे झाले. दाबले की उजळे, पण नळ कोरडाच. तपासू मात्र तिसरेच दाबत राहिला. दिव्याचे बटण धडधाकट, त्यामुळे परीक्षा पास.

“म्हणजे रोपं आमच्यामुळे मेली,” शर्वरीला रडू कोसळले.

“नाही गं. बटण कुठलं, ते तपासूला मी सांगितलं होतं,” आत्या म्हणाली. “पंगतीत तिसऱ्या माणसाला बिनसाखरेचं वाढ म्हटलं आणि वरच्या टोकाला कुणी येऊन बसलं, तर वाढपी काय करणार?”

“मग नावाने सांगायचं. ‘पाणी’ लिहिलंय ते.”

आत्याने नकारार्थी मान हलवली. उद्या कोणी ‘पाणी’ पुसून ‘सिंचन’ लिहील, रंगही बदलेल. म्हणून प्रत्येक बटणाला निवडखूण (जागा, नाव, रंग बदलले तरी न बदलणारी, पडद्यावर न दिसणारी ओळख) द्यायची. तपासूने तीच शोधायची, आणि सापडली नाही तर अंदाजाने शेजारचे न दाबता तसे सांगायचे. शिवाय नळाला पाणी आले का, तेही बघायचे.

दोघींनी तसे केले. तपासूने नेमके बटण दाबले आणि लाल अक्षरे उमटली, ‘पाणी आले नाही.’ चाचणी आता खरे बोलत होती, पण मेलेल्या रोपांना त्याचा काय उपयोग? शर्वरीला हुंदका आवरेना.

त्याच दिवशी सामान बांधायचा हुकूम आला. आत्याने बॅगेला हात लावला नाही. मंगळावरच्या वस्तीलाही नुकतीच याच पडद्याची हुबेहूब नक्कल पाठवली होती, तुटलेल्या सांध्यासकट. तिने नवी चाचणी तिकडे धाडली. तिथेही लाल अक्षरे उमटली आणि लोक पेट्यांकडे धावले. बऱ्याच वेळाने निरोप आला, ‘रोपांनी माना टाकल्यात, पण जिवंत आहेत. तांब्याने पाणी घालतोय.’

बी धरले की थोडे चंद्रासाठी राखून ठेवा, असे आत्याने उलट कळवले. शर्वरीने मंगळाचा निरोप पुन्हा एकदा वाचला, डोळे पुसले आणि बॅग भरायला घेतली.