बाबांचं बटण

ही घडलेली गोष्ट आहे. पटली नाही तर सोडून द्या. जिच्या बाबतीत घडली तिलाही अजून पटलेली नाही.

मंगळवार होता. दुपारचे तीन. मीटिंग चालू असताना तिचा फोन वाजला.

“मदतसेवेतून बोलतेय. तुमच्या वडिलांनी बटण दाबलंय.”



वडील जाऊन दीड महिना झाला होता.

ते बटण तिनंच त्यांच्या गळ्यात घातलं होतं. एकटे असताना पडलात तर दाबायचं, लगेच माणूस येतो. पहिल्याच आठवड्यात ते चुकून दाबलं गेलं आणि ती मीटिंग सोडून धावत आली. बाबा निवांत पेपर वाचत होते.

“बाबा, दर वेळी मला असं उठून येता येणार नाही हो.”

“गळ्यात घंटा बांधलीस, आता वाजवायचीही चोरी,” ते हसले होते.

पुढे ते खरंच पडले. सकाळी, न्हाणीघरात. ती संध्याकाळी पोचली तेव्हा बटण त्यांच्या मुठीत होतं.

दाबलेलं नव्हतं.

सेवा बंद करायचं राहूनच गेलं होतं. पण बटण आता तिच्या पर्समध्ये होतं. सेल काढलेलं.

“काहीतरी चूक होतेय,” ती फोनवर म्हणाली.

“मी स्वतः बोलले त्यांच्याशी. म्हणाले, मुलीला सांगा... मीटिंग संपल्यावर आली तरी चालेल.”

ती उठली. या वेळी कुणाला विचारलं नाही.

बाबांच्या घराचं कुलूप तिनं उघडलं. खुर्चीवर चादर. न्हाणीघर कोरडं. कुणी नाही.

मग...

टक. टक.

भिंतीतल्या पाइपातून. खालून.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई एकट्या राहायच्या. रोज सकाळी बाबा काठीनं जमिनीवर दोनदा ठोकायचे, बाई खालून उलथन्यानं पाइपावर दोनदा. म्हणजे दोघंही धडधाकट. बाबा पडले त्या दिवशी बाई नेमक्या बहिणीकडे गेल्या होत्या.

बाईंची जादा किल्ली बाबांच्या दाराशी खिळ्याला असायची. किल्ली घेऊन ती खाली धावली.

बाई स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. पाय हलत नव्हता. तिनं अँब्युलन्सला फोन केला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

“तू वरून उत्तर देत राहिलीस ग, म्हणून मी वाजवत राहिले. नाहीतर केव्हाच डोळे मिटले असते.”

“मी आत्ता आले, बाई.”

“आत्ता? अगं, सकाळपासून... दर वेळी वरून काठी वाजत होती.”

काठी तिनं महिन्यापूर्वीच कुणाला तरी देऊन टाकली होती.

मदतसेवेकडे त्या दुपारच्या फोनची नोंद नाही. तिनं दोनदा विचारलं.

बाई आता वॉकर घेऊन हिंडतात. ती बाबांच्या घरात राहायला आली आहे. रोज सकाळी जमिनीवर दोनदा ठोकते. खालून उत्तर येतं. टक, टक.

मग थोडं थांबून, न्हाणीघराच्या बाजूनं... आणखी दोन.

“मी आपली दोनदाच वाजवते हो,” बाई म्हणतात.

ती न्हाणीघराचं दार उघडून बघते. रोज. मीटिंग असली तरी.