लाल निशाण वर असताना

सारजाबाई भावाच्या दारातच मटकन बसल्या.

"दादा, ज्योतीरामाला पोलिसांनी नेलं. गेनबाला गोळी घातली म्हणत्यात!"

कोंडीराम ताडकन उठला. ज्योतीराम त्याचा एकुलता एक भाचा. त्याने वळून आपल्या मित्राकडे पाहिलं. चिंचवडचे खासगी तपासनीस मुरारी ढमढेरे तोवर पायात वहाणा सरकवत होते.

चाकणपुढे डोंगराच्या पायथ्याशी नेमबाजी मंडळाचं लांब पल्ल्याचं मैदान होतं. तिथं सहाशे यार्डांवरून गोळी झाडायची, तर आधी सुरक्षेची परीक्षा द्यावी लागे. ती पास झाला की पिंपरीच्या नव्या कारखान्यात ज्योतीरामाची पहारेकऱ्याची नोकरी पक्की होती. काल त्या परीक्षेतच, लक्ष्याजवळच्या खंदकात कागद बदलणारा गेनबा रक्तबंबाळ होऊन पडला.

"निशाण लाल होतं, मामा, म्हणजे गोळीबार बंद," कोठडीच्या गजांआडून ज्योतीराम म्हणाला. "माझी रायफल रिकामी होती. आईशपथ."

परीक्षक सोपानराव मैदानावरच भेटले. "मी त्याच्या शेजारी उभा होतो. बाकीच्यांच्या रायफली खाली होत्या, त्याची एकट्याची हातात."

"धडाका मोठा झाला असेल," मुरारी म्हणाले.

"छे, वाऱ्यावर पुसट आला. मग गेनबाची किंकाळी."

"दारूगोळा चांगला होता ना?"

"एक काडतूस फुसकं निघालं. काल सकाळी मीच झाडून दाखवत होतो. दिलं टोपलीत फेकून, रद्दी कागदांत."

दवाखान्यात गेनबा उशीला टेकून बसला होता. "च्या ठेवला हुता. चुलीत टोपलीतला कागुद सारला, अन् कानठळी बसली बगा! मांडीत आगच शिरली."

डॉक्टरांनी जखमेतून काढलेला तुकडा दाखवला. पिवळा, पातळ, वाकडा पत्रा.

"गोळीच ती," कोंडीराम हताशपणे पुटपुटला.

मुरारी मैदानावर परतले. ते खंदकात गेले आणि बराच वेळ चुलीतली राख चाळत बसले.

संध्याकाळी त्यांनी फौजदारांसमोर सगळ्यांना मैदानावर बोलावलं. हवालदार ज्योतीरामालाही घेऊन आला.

"सोपानराव, शेजारी रायफल झडली असती तर तुमचे कान बधिर झाले असते. तुम्हाला आवाज पुसट आला, गेनबाची मात्र कानठळी बसली. म्हणजे धडाका खंदकात झाला. जखमेतला तुकडाही शिशाच्या गोळीचा नाही, काडतुसाच्या फुटलेल्या पितळी नळीचा आहे."

त्यांनी मूठ उघडली. "हे त्याच नळीचं बूड. चुलीत सापडलं. बुडावर रायफलीच्या घोड्याचा ठोका बसल्याची खूण आहे, म्हणजे हे काडतूस एकदा रायफलीत झडायचं राहिलं होतं. काल असं एकच काडतूस निघालं."

सोपानरावांचा चेहरा उतरला. "माझं. मी टोपलीत टाकलेलं."

"आणि रद्दीची ती टोपली जळणासाठी गेली खंदकात, चुलीपाशी. कुणीच कुणावर गोळी झाडली नाही."

फौजदारांनी हवालदाराला ज्योतीरामाला सोडायला सांगितलं. सोपानराव खालमानेनं त्याच्यासमोर आले. "पोरा, नियम शिकवणारा मीच नियम मोडला. गेनबाच्या औषधपाण्याचं मी बघतो. तुझी परीक्षा आता दुसरा कुणी घेईल."

"घेऊ द्या की," ज्योतीराम म्हणाला, "पन आधी गेनबाकाकांना बघून येतो."

सारजाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. एवढ्या लोकांदेखत डोळे पुसायची कोंडीरामाला अजिबात लाज वाटली नाही.