छोट्या कपाचा बुधवार

दुकानाचं दार ढकलून तो आत आला आणि थेट काउंटरवरच्या प्लास्टरच्या डोक्याशी बोलायला लागला.

"चष्मा मोडलाय हो. आजच्या आज दुरुस्त होईल का?"

त्या डोक्यावर सोनेरी काड्यांची नवी फ्रेम चढवलेली होती. चष्म्याशिवाय हात-दोन हातांपलीकडचं न दिसणाऱ्या माणसाची फसगत व्हायला तेवढं पुरे होतं.

"मी इकडे आहे," मागच्या टेबलाशी भिंगाची कड घासत बसलेली ती म्हणाली. हसू दाबायचा तिने प्रयत्न केला... पण तो नीटसा जमला नाही.

तो ओशाळला. खिशातून त्याने रुमालात गुंडाळलेले चष्म्याचे दोन तुकडे काढले. नाकावर बसतो तिथेच बरोबर मोडला होता.

"कसा मोडला?"

"गोल झाला."

फुटबॉलचं वेड नसलेल्या माणसाला हे उत्तर कळलं नसतं. तिने मात्र झटकन मान वर केली. "शनिवारचा? शेवटच्या मिनिटाला डोक्याने मारलेला?"

"तुम्ही होतात?"

"पूर्वेच्या स्टँडमध्ये. पण मी चष्मे मोडत नाही. फक्त घसा बसवून घेते."

एवढ्यावर ओळख झाली असती आणि संपलीही असती. पण त्याला गप्प बसवेना. "तो गोल झाला कारण कप्तान ताजा होता. बुधवारी त्याला विश्रांती दिली, म्हणून शनिवारी तेवढी उडी मारता आली."

तिने हातातलं भिंग खाली ठेवलं. "आणि बुधवारी आपण छोट्या कपातून बाहेर पडता पडता वाचलो, त्याचं काय?"

"छोटा कप कोण धरतंय हिशेबात?"

"मी."

त्यांचा क्लब वर्षभर तीन ठिकाणी खेळायचा. लीग, जिच्यासाठी सगळं गाव जीव टाकायचं. मोठा कप, ज्याचा अंतिम सामना म्हणजे थाटामाटाचं काम. आणि छोटा कप, ज्याचं नाव जाहिरातदार बदलला की बदलायचं. तो आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी व्हायचा, अर्धं मैदान रिकामं असायचं आणि कोच दुसऱ्या फळीतली पोरं उतरवायचा. लहानपणी बाबा तिला छोट्या कपाच्याच सामन्यांना न्यायचे, कारण तिथे तिला मांडीवर न बसता स्वतःची खुर्ची मिळायची. ही गोष्ट तिने त्या दिवशी काही त्याला सांगितली नाही. अनोळखी माणसाला किती सांगायचं!

चष्मा संध्याकाळी तयार झाला. तो घेऊन गेला आणि चारच दिवसांत काडीचा स्क्रू ढिला झाला म्हणून परत आला. मग दुसऱ्या काडीचा. तिसऱ्या खेपेला तिने भिंगाखाली नीट पाहिलं. स्क्रूच्या डोक्यावर चमच्याच्या टोकाने फिरवल्याच्या ताज्या खुणा होत्या.

"आपोआप ढिला होतोय म्हणता?"

"म्हणजे... हो. बहुतेक."

"बरं," ती म्हणाली आणि स्क्रू घट्ट केला. फार घट्ट केला नाही.

तो इस्पितळात नर्स होता. हाताखालच्या सगळ्यांच्या ड्युट्या लावायचं कामही त्याच्याकडेच. वॉर्डातले पेशंट, डॉक्टर, स्टँडमधले मित्र, सगळे त्याला ब्रदर म्हणत. तिची मात्र पंचाईत झाली. ब्रदर म्हणायला जीभ वळेना, आणि 'अहो' म्हणायची अजून वेळ आली नव्हती. शेवटी ती सरळ 'तू' म्हणाली, आणि त्यानंतर त्याने ओळीने दोन सामने नुसते हसत पाहिले. त्यांतला एक आपण हरलो होतो.

आपला हंगामाचा पास बदलून घेऊन तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर आला. मग काय, वादाला सुट्टीच नाही. क्लबने डाव्या कडेने धावणाऱ्या छोट्या चणीच्या लेफ्ट विंगरला विकलं तेव्हा ती आठवडाभर फुगून बसली होती.

"अगं, गुडघा गेलाय त्याचा. आता विकला म्हणून कुणी घेतला तरी," तो म्हणाला.

"गुडघा गेला की माणूस विकायचा? तुझ्या वॉर्डात असंच करतोस का?"

"वॉर्डात मी त्याला झोपायला पाठवतो. थकलेला माणूस चुकतो. डोळ्यांनी पाहिलंय मी... चांगली चांगली माणसं, पण सलग तिसरी ड्युटी असली की चुकीची बाटली उचलतात. म्हणून रोटेशन. सगळ्यांनी सगळीकडे खेळायचं नसतं. महत्त्वाच्या दिवसासाठी राखून ठेवायचं असतं."

"आणि कुठला दिवस महत्त्वाचा, हे कोण ठरवणार?"

"कोच."

"कोचला विचारून प्रेम करतं का कुणी?" ती बोलून गेली. क्लबवरच्या प्रेमाविषयीच बोलत होती ती. पण दोघंही एकदम मैदानाकडे बघायला लागले, आणि मैदानावर तर त्या वेळी नुसतं गवताला पाणी मारणं चाललं होतं.

ती प्रेमात पडली होती. तिला ते स्पष्ट कळत होतं आणि त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. अडचण एवढीच की तो काही बोलत नव्हता.

अशातच दुकानाच्या मालकीणबाईंनी तिला आत बोलावलं. दुसऱ्या गावी नवं दुकान उघडायचं होतं. "सगळं तू बघायचंस. काम येतं तुला, तोंडही गोड आहे. आठवडाभरात सांग मला."

नवं दुकान, नवी यंत्रं, वर कुणी नाही. असं काम हातात यावं म्हणूनच तर इतकी वर्षं ती भिंगं घासत बसली होती. तरी तिने लगेच हो म्हटलं नाही. आधी त्याला सांगावं, असं तिने ठरवलं. तो काय म्हणतो ते बघावं. आणि सांगायचं ते छोट्या कपाच्या सामन्याला, तिच्या आवडत्या जागी, जिथे आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि हळू बोललेलंही ऐकू येतं.

"या बुधवारी ये हं. नक्की," तिने बजावलं.

"येतो की," तो म्हणाला.

बुधवारी वारा सुटला होता आणि खुर्च्या ओल्या होत्या. तिने रुमालाने दोन खुर्च्या पुसल्या. सामना सुरू झाला. आणि मग पायऱ्या चढत, धापा टाकत एक जाडजूड गृहस्थ आले आणि शेजारच्या पुसलेल्या खुर्चीवर बसले.

"मी त्याचा मामा. भाच्याने पाठवलंय. म्हणाला, मामा, माझ्या जागी तुम्ही बसा."

तिला आधी काही कळेचना. "आणि तो?"

"झोपलाय घरी. काल रात्रपाळी होती ना. आता उद्यापासून सलग ड्युट्या घेतल्यात त्याने, म्हणजे रविवार मोकळा मिळतो. रविवारी म्हणे फार मोठा सामना आहे." मामा मनाने निर्मळ होते, म्हणून पुढचंही सांगून मोकळे झाले. "बुधवारचं काही विशेष नाही म्हणाला. नुसतं बसायचं. मला काय, फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. त्या एकट्यानेच वेगळा शर्ट का घातलाय?"

"तो गोलकीपर आहे, मामा," ती म्हणाली. हातातला ओला रुमाल तिने घडी करून पर्समध्ये ठेवला.

त्याने तिला राखीव खेळाडू पाठवला होता! तिच्या सामन्याला, तिच्या बुधवारला. मैदानावर दुसऱ्या फळीची पोरं जीव तोडून धावत होती आणि ती त्यांच्याकडे बघत होती, पण तिला चेंडू दिसत नव्हता.

मध्यंतराला मालकीणबाईंचा फोन आला. "काय ठरलं गं तुझं?"

"हो," ती म्हणाली. "जाते मी त्या गावी."

मामांनी तिला वाफाळता चहा आणून दिला आणि नंतर एकही प्रश्न विचारला नाही. आपण तो सामना जिंकलो.

पुढचे तीन दिवस त्याचे निरोप येत होते. ती 'कामात आहे' एवढंच कळवत होती, आणि ते काही खोटं नव्हतं. रविवारी ती मैदानावर गेली नाही. घरी कपडे बॅगेत भरायला घेतले. बाहेरच्या खोलीत बाबांनी रेडिओ लावला होता. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तोच बेल वाजली.

दारात तो. क्लबचा मफलर, लाल झालेला चेहरा. आणि चष्म्यावर इतकी वाफ धरलेली की डोळेच दिसत नव्हते.

"सामना?" तिच्या तोंडून निघालं.

"चालू आहे."

"मग तू इथे काय करतोयस?"

"तिथे मामा आहेत. बुधवारपासून चटक लागलीय त्यांना, स्वतःचं तिकीट काढून आले. तू दिसली नाहीस तेव्हा म्हणाले, ती तर दुसऱ्या गावी चाललीय ना, फोनवर सांगत होती, तुला माहीत नाही?" त्याने दम घेतला. "मग मी उठलो. आता मामा माझ्या जागेवर पाय पसरून बसलेत."

"लीगच्या सामन्याला राखीव खेळाडू?"

"हो."

तिला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. तो चष्मा पुसायला काढणार, तेवढ्यात ती म्हणाली, "काढू नकोस. मागच्या वेळी पुतळ्याशी बोलला होतास."

"मग असंच सांगतो. तुझ्यावर प्रेम आहे माझं. आज मैदानावर सांगणार होतो... सगळं भरलेलं असतं, गाणी चालू असतात. मला वाटलं, मोठं बोलायचं तर मोठ्या सामन्याला. म्हणून बुधवारी झोपलो. थकलेला माणूस चुकतो असं मी सगळ्यांना सांगत फिरतो, आणि सगळ्यात मोठी चूक केली ती मस्त झोप काढून."

"मी होकार कळवलाय," ती म्हणाली. "जाणार आहे मी. मला जायचं आहे."

त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "जा. जायलाच हवं तू. तुझ्याइतकं हे काम कुणाला येतं? ड्युट्या मी लावतो ना... बुधवारची माझी स्वतःची मोकळी ठेवीन. तिकडे येईन, नाहीतर तू इकडे ये."

"वॉर्डात रोज उभं राहायचं, वर एवढा प्रवास. थकशील."

"थकेन," तो म्हणाला.

"अरे, दार लावून घ्या आणि आत येऊन काय ते बोला!" बाबा आतून ओरडले. "तुमच्यापायी मला पेनल्टी ऐकू आली नाही!"

छोट्या कपाची पुढची फेरी ती नव्या दुकानात रुळल्यानंतर झाली. संध्याकाळच्या गाडीने ती आली, दोन खुर्च्या पुसल्या आणि वाट बघत बसली. सामना सुरू व्हायच्या आधी तो आला, वॉर्डातून थेट, अंगाला औषधांचा वास. "बदली माणूस आजारी पडला," तो म्हणाला. "काल सकाळपासून पाठ टेकलेली नाही. पण आलो."

पहिला गोल समोरच्यांनी केला तेव्हा तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपला होता. तिने हळूच त्याचा चष्मा काढून आपल्या पर्समध्ये ठेवला. आपला संघ सपाटून हरला आणि छोट्या कपातून बाहेर पडला. दुसऱ्या फळीच्या पोरांनी एकच गोल केला, पण काय सुरेख केला! स्टँडमधली मोजकी माणसं उठून नाचली. ती जागची हलली नाही. खांदा अवघडला होता, तरी सामना संपूच नये असं तिला वाटत होतं.

शिट्टी वाजली तसा तो दचकून जागा झाला आणि डोळे बारीक करून मैदानाकडे पाहू लागला. "झाला? कसा झाला?"

"छान झाला," ती म्हणाली, आणि त्याच्या नाकावर चष्मा बसवून दिला.