शून्य दिवसांचं कार्यालय

पोचेचा शिक्का मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता सापडला आणि चोरही त्याच मिनिटाला सापडला. पण सरकारी कागदावर यातलं काहीच घडलेलं नाही. तेव्हा आपणही ते विसरू आणि सकाळपासून सुरुवात करू.

सकाळी तपासनीस रत्चनी परदेशी कामगार नोंदणी कार्यालयात पोचली, तेव्हा दारासमोर दीडशे चपलांची रांग होती. चपलांचे मालक झाडाखाली बसले होते. चपलांना ऊन लागत नाही.

आत फलक होता: 'या महिन्यात आलेल्यांपैकी प्रलंबित अर्ज : ०. अर्ज निकाली निघण्याचा सरासरी कालावधी : ० दिवस.'

"मागच्या महिन्यात इथं चौऱ्याऐंशी दिवस होते," रत्चनी म्हणाली.

"मेहनत घेतली," प्रमुख विरोत म्हणाला. त्याने तिला खुर्ची दिली नाही. खुर्च्या नऊ होत्या, माणसं तीन.

"नवाचे तीन झालात आणि वेग वाढला?"

"माणसं कमी, गप्पा कमी. शुक्रवारी जलद सेवेची ढाल मिळतेय आम्हाला. तुम्ही शिक्का शोधायला आलात ना? शोधा आणि निघा."

शिक्का मागच्या आठवड्यात सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत गेला होता. तेव्हापासून लोक अर्ज घेऊन यायचे आणि तसेच परत जायचे.

पहिल्या खिडकीवर पी लमाई होती. पन्नाशीची; 'पी' म्हणजे ताई, आणि ती सगळ्यांचीच मोठी ताई.

"शिक्का तुमच्याकडे असायचा?"

"खिडकीवर असायचा. मी डबा खायला गेले होते. माझ्या पिशवीत बघायचंय? बघा. सुकी मासळी आहे, हात धुवायला पाणी मात्र नाही."

दुसऱ्या खिडकीवर हारून.

"तू कुठे होतास?"

"नमाजाला. हवं तर मशिदीत विचारा. तिथे हजेरीला शिक्का लागत नाही."

तेवढ्यात खिडकीच्या जाळीवर कुणीतरी टकटक केलं. मा थिरी. कोळंबीच्या शेडवरची परदेशी कामगार; सोलून सोलून बोटं पांढरी पडलेली, हातात अर्ज आणि मागच्या सोमवारचं टोकन.

"बाई, माझं कार्ड गुरुवारी संपलं. अर्ज त्याच्या आधी आलाय असं दिसलं नाही, तर आज चारला पोलीस शेडवर येणार. मला सीमेपलीकडे सोडतील. पोरगी इथल्या शाळेत चौथीला आहे. तिला कोण घ्यायला जाणार?"

"ए, मागे हो!" विरोत खेकसला. "अर्ज आलेला नाही. आम्हाला तुझं नावही ठाऊक नाही."

"आठ दिवस रोज सांगतेय नाव. तुमच्या कुत्र्याला पाठ झालं."

रत्चनी अंगणात आली. खांबावर जागेवाल्याचं, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचं, छोटं देवघर होतं. समोर लाल सरबताच्या सात बाटल्या. एकीचं झाकण उघडं, आत नळी. बाकी सहा सीलबंद.

"एवढ्या?" तिने विचारलं.

"माझी एकच, दर सोमवारी. जुनी काढते, नवी ठेवते," पी लमाई म्हणाली. "बाकीच्या कुणाच्या ठाऊक नाही. दुसऱ्याचा नैवेद्य आपण हलवत नाही."

"हारून?"

"आमच्यात नाही ठेवत."

"आणि साहेब?"

विरोत हसला. "मी? मी असल्या भुताखेतांना मानत नाही."

साडेतीन वाजले. रत्चनीने हात जोडले, मनात माफी मागितली आणि देवघरात हात घातला. पी लमाई किंचाळली. हात बाहेर आला तेव्हा त्यात शिक्का होता.

"इथं शोधायचं धाडस कुणी करणार नव्हतं," रत्चनी म्हणाली. "लपवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. पण लपवल्यावर त्याची झोप उडाली. मागच्या सोमवारपासून कालपर्यंत कामाचे दिवस सहा. रोज एक बाटली, देवाची समजूत काढायला. देवाला झाकण उघडून, नळी घालून द्यावं लागतं हे पी लमाईला ठाऊक आहे. हारून ठेवतच नाही. सीलबंद बाटली कोण ठेवेल? ज्याने जन्मात कधी ठेवली नाही तो. सहा दिवस देव तहानलेला आहे, साहेब."

विरोतने देवघराकडे बघितलं आणि नकळत हात जोडले.

"शिक्का लागला की अर्ज आला," ती म्हणाली. "शिक्काच नाही, तर अर्ज आलेलाच नाही. न आलेल्या अर्जाला उशीर होत नाही. म्हणून शून्य दिवस, म्हणून ढाल."

"आणि सरासरी नव्वद दिवसांच्या वर गेली असती तर माझी डोंगरात बदली झाली असती!" विरोत ओरडला. "तीन माणसांत तुम्ही करून दाखवा!"



रत्चनीने शिक्का पालथा करून पाहिला. तारखेची चाकं मागच्या सोमवारवरच होती. तिने मा थिरीचं टोकन पाहिलं. तोच सोमवार. चाक न फिरवता तिने शिक्का दाबला. जांभळी शाई नीट उठली. मा थिरीने कागद ओढून घेतला आणि चपला न घालताच शेडकडे पळाली. चार वाजायला बावीस मिनिटं होती. ती पोचली.

रत्चनीचा अहवाल मात्र अजून पोचलेला नाही. मुख्य कचेरीतल्या पोच-खिडकीवर वर्षभर माणूस नाही. विरोतला शुक्रवारी ढाल मिळाली. अहवालाच्या शेवटी असं आहे:

'तरी विनंती की, सदर कार्यालयातील सहा रिक्त पदांपैकी किमान एका पदावर आवारातील जागेवाल्यास कायमस्वरूपी नेमण्यात यावे. सहा दिवस शिक्का सांभाळून कामावर हजर राहिलेला तो एकमेव कर्मचारी आहे. सरबत उघडून देण्याची तजवीज व्हावी.'