धोंडजवळ्याच्या विहिरीचं पाणी

नवा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. लातुरात त्यानं फरक पडला तो इतकाच, की पाट्या नव्यानं रंगवल्या गेल्या आणि त्यांच्याखाली चहा पीत बसणारे लोक वाढले. मी त्यांच्यातलाच एक, भूजलाच्या कामावरचा भूवैज्ञानिक, पुण्यात शिकलेला. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मला अहमदपूर तालुक्यातल्या धोंडजवळ्याला पाठवलं. तिथं जमीन हलली होती आणि दोन वर्षं कोरडी पडलेली विहीर भरली होती.

यात नवल काहीच नव्हतं. हादऱ्यानं काळ्या खडकातल्या भेगा सरकतात. एक विहीर आटते, दुसरी भरते. पुस्तकातल्या दोन ओळी. त्या वाचायला आख्ख्या गावाला माणूस मिळाला नव्हता.

सरपंच वीरण्णा एसटीच्या थांब्यावर न्यायला आले होते. विहीर गावाबाहेर, जनावरांच्या छावणीला लागून होती. चाळीस फूट खोल, पण आता वाकून हात बुडवता येईल इतकं पाणी. नितळ. शेजारीच टँकर उभा होता आणि त्याच्या गळक्या तोटीवर मधमाश्यांचा घोस लटकला होता.

"विहीर भरलीय, मग टँकर कशाला?" मी विचारलं.

"जनावरं पीत न्हाईत, साहेब. दोन दिस झाले. आमी त्यायच्याकडं बघून थांबलोय."

"म्हणजे या गावाचे निर्णय बैल घेतात."

वीरण्णांनी टोपी काढून घाम पुसला.

मी तपासणी केली. क्षार कमी, वास नाही, तापमान नेहमीचं. त्या तालुक्यात त्या वर्षी इतकं चांगलं पाणी मी पाहिलं नव्हतं. एवढंच लक्षात आलं, की शेजारी टँकरच्या तोटीवर माश्या एका थेंबासाठी झुंबड करत होत्या आणि विहिरीच्या काठावर एकही नव्हती.

छावणीची देखभाल साखराबाई नावाची पन्नाशीची बाई करायची. तिची स्वतःचीही एक लाल गाय त्यात होती. मी तिला म्हटलं, "देवीचा कोप झालाय असं सांगत असशील सगळ्यांना."

"आमी देवी मानत न्हाई, साहेब. माझ्या सासऱ्यानं छप्पनलाच दीक्षा घेतली," ती म्हणाली. "मी जनावराचं सांगून राहिले. हादऱ्याच्या आदी दोन रोज ही चारा खात नव्हती. तवाबी कुणी आइकलं न्हाई."

अशा बाईशी काय वाद घालायचा? मी जागेवरच दाखला लिहिला : पाणी पिण्यायोग्य, टँकरची गरज नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. मी मात्र मुद्दाम थांबलो. तहान लागली की जनावरं झक मारून पितील, आणि ते या लोकांना बघायला लावायचंच, असं मी ठरवलं होतं.

विहिरीचं पाणी हौदात भरलं. दोनशे जनावरं दावणीला उभी होती. दुपारपर्यंत त्यांच्या जिभा बाहेर आल्या. हौद समोर भरलेला, आणि एकही त्याच्याकडे वळेना. हंबरतही नव्हती. इतकी तहानलेली जनावरं इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती.

हौदाच्या कडेनं काळ्या मुंग्यांची रांग चालली होती. हौदापासून हातभर अंतरावर ती वळत होती आणि तेवढंच अंतर ठेवून पलीकडे पुन्हा सरळ होत होती. मी काडीनं रांग मोडली. मुंग्या विखुरल्या आणि पुन्हा तसाच वळसा घालून गेल्या.

तिसऱ्या दिवशी साखराबाई समोर येऊन उभी राहिली.

"टँकर बोलवा, साहेब. ही मरतील, पर पिणार न्हाईत."

"मी पितो, म्हणजे तुझ्या गाईला धीर येईल," मी म्हणालो.

गाव जमलं होतंच. मी हौदातून तांब्या भरला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरून, एका दमात रिकामा केला. पाण्याला चव नव्हती. गार नव्हतं, कोमटही नव्हतं. घशातून खाली काही उतरतंय असं जाणवलंच नाही.

मी तोंड पुसलं.

लाल गाय माझ्या सर्वांत जवळ होती. ती मागं सरली. दावं ताणलं, मान आवळली, तरी सरत राहिली.

खुंटा उपटला.

मग दुसरा. मग सगळेच.

जनावरं उधळली नाहीत. सावकाश चालत, माळ ओलांडून, मन्याडच्या पात्राकडे निघाली. फक्त घुंगरं वाजत होती.

साखराबाई त्यांच्यामागं धावली, पण जाता जाता माझ्याजवळ थांबली.

"साहेब, तुमी कशाला पिलात हो?" ती हळूच म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर मला चाललं असतं. तिला माझी कीव आली होती.

अकरा जनावरं वाटेत पडली. त्यांत तिची गाय होती. वीरण्णांनी अहमदपूरला जाऊन टँकर पुन्हा सुरू करून घेतला. त्या पाण्याला गावात कुणी शिवलं नाही. आठवड्यानं पुन्हा हादरा बसला आणि विहीर कोरडी पडली. 'भेग मिटली', असं मी अहवालात लिहिलं. अकरा जनावरांबद्दल काही लिहिलं नाही. तो भूजलाचा विषय नव्हता.

लातुरात त्या उन्हाळ्यात डासांनी लोकांना फोडून काढलं. मी उघडा झोपतो, मला एकही चावत नाही. पहिल्यांदा मला हा फायदाच वाटला.

मुलगी आमची चार महिन्यांची आहे. बायको, तारामती, मला तिला घेऊ देत नाही. कारण विचारलं तर म्हणते, तुम्हीच बघा. मी तिला अडाणी म्हणालो आणि पोरीला मांडीवर घेतलं. ती रडली नाही. ओठ घट्ट मिटून, डोळे न हलवता माझ्याकडे बघत राहिली. तिची छाती हलत नव्हती. तारामतीनं हिसकावून घेतलं तेव्हा कुठे तिनं श्वास घेतला.

काल पुन्हा तिला मांडीवर घेऊन मी घड्याळ लावून पाहिलं. एक्कावन्न सेकंद.

परवा चाळीस होते.