भवानी पेठेच्या गुलाबी चिठ्ठ्या

"एकशे एकतीस!" सोमलिंगने वही मिटली आणि लिंबाच्या झाडाखाली तो सरळ आडवाच झाला. "संपलं! पेठेतलं एकही दार राहिलं नाही. आता मला कुणी गारेगार दिलं तरी मी उठणार नाही बे!"

"पडल्या पडल्या खाशील की," मल्लव्वा म्हणाली आणि तिने वही ओढून घेतली. सोमलिंगचं अक्षर त्याच्या मास्तरांनाही लागत नसे, पण आकडे तरी स्पष्ट होते. विरुपाक्ष, एकशे एकतीस. पुण्याचा केकी, नऊ.

"मंजी आपलंच राज्य की!" बाळासो खूश झाला. तो सोमलिंगचा मित्र, सुट्टीसाठी मोडनिंबहून आलेला. इथे येऊन मजा करायची असं ठरवून आला होता बिचारा, आणि दोन दिवस वहीच्या मागे दारोदार हिंडत होता.

ही १९७८ सालच्या मे महिन्यातली, शुक्रवारची दुपार. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन ज्याने खाल्लं नाही त्याला ते सांगून कळणार नाही, आणि ज्याने खाल्लंय त्याला सांगायची गरजच नाही. माग थांबले होते, दुकानांची दारं अर्धी ओढलेली होती आणि माणसं ओले टॉवेल तोंडावर घेऊन पडली होती. अशा वेळी शहाणी मुलं घरात झोपतात. आपली ही तीन मुलं काही शहाणी नव्हती.

पण त्यांचाही इलाज नव्हता. रविवारी होटगी रस्त्याच्या बाजूच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत होती. हौशी पोरांची नव्हे हं, पैसे घेऊन गाडी पळवणाऱ्या नामी स्वारांची! कोल्हापूर, बंगळूर, कुठून कुठून स्वार येणार होते. गावात मोटारसायकली विकणारे बसलिंगप्पा शेठ होते. त्यांनी शर्यतीसाठी गाडी तयार केली होती एकच, आणि तिच्यावर बसू शकणारे पगारी स्वार होते दोन: पुण्याचा केकी आणि मल्लव्वाचा काका विरुपाक्ष. आता गाडी द्यायची कुणाला? शेठ पडले व्यापारी! त्यांनी गुलाबी चिठ्ठ्या छापल्या आणि गावभर वाटल्या. 'रविवारी कोण जिंकेल? का?' एवढंच त्यांवर विचारलेलं. चिठ्ठी भरायची आणि शेठच्या दुकानातल्या काचेच्या बरणीत टाकायची. शुक्रवारी संध्याकाळी पाचला मोजणी. ज्याच्या नावाचे अंदाज जास्त, त्याला गाडी!

विरुपाक्षकाका आठ वर्षं शर्यती करत होता. दोनदा हात मोडला, एकदा बरगडी. दिवसभर गॅरेज आणि पहाटे माळावर सराव, असं करून करून त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. परवा जेवताना तो शांतपणे म्हणाला, "ही गाडी मिळाली तर ठीक. नाहीतर सोमवारी श्रीपूरला जातो. साखर कारखान्यात ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम आहे. शर्यती बस्स झाल्या. दमलो मी." तो चिडून बोलला असता तर मल्लव्वाला एवढं लागलं नसतं. पण त्याने भाकरीचा तुकडा मोडत मोडत, मीठ मागावं तसं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती दोघांना घेऊन, कुणी चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहिलं ते वहीत टिपत दारोदार फिरली होती.

"उठ रे सोम्या," ती म्हणाली. "बरणी बघून येऊ. म्हणजे मी तरी निवांत झोपेन."

दुकानात शेठ खुर्चीतच पेंगत होते. टेबलावर बरणी होती. मल्लव्वाने वाकून तिच्यात पाहिलं. बरणी पाव भागसुद्धा भरली नव्हती! काचेला चिकटलेल्या चिठ्ठ्यांवर नाव होतं केकी, केकी आणि परत केकी.

"शेठ, चिठ्ठ्या एवढ्याच?"

"एवढ्याच." शेठनी एक डोळा उघडला. "त्या सगळ्या नव्या पेठेच्या. तुमच्या पेठेला तुमच्याच माणसाचा भरवसा नाही, त्याला मी काय करू? मघाशी विरुपाक्ष येऊन गेला. बरणीकडे बघत उभा राहिला. त्यानेही एक चिठ्ठी टाकली आणि गेला."

"काही बोलला?"

"काय बोलणार?"

बाहेर येताच सोमलिंग फुत्कारला, "चोरी! शंभर टक्के चोरी! कुणीतरी बरणीतून चिठ्ठ्या काढल्या!"

"एवड्या उनाचा चोर भायेर पडंल व्हय?" बाळासो म्हणाला. "चोरालाबी जीव हाय की."

"मग एकशे एकतीस माणसं खोटं बोलली?"

तिघं परत निघाली. चपलेतून चटका लागत होता. मल्लव्वाला वाटलं, जाऊ दे सगळं. काका दमलाय, आपणही दमलो. शेवटी दमलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

पेठेतल्या शंकराच्या देवळामागे थोडी सावली होती, म्हणून तिघं तिकडून वळली. तिथे एक शेळी निवांत रवंथ करत उभी होती.

बाळासो एकदम थांबला. "आरं, ती काय खातीया बगा! गुलाबी हाय!"

"पकड!" मल्लव्वा ओरडली.

शेळी पळाली. फार नाही, कारण उन्हाने तीही हैराण झाली होती. तिघंही मागे धावली, पण फार नाही. देवळाला दीड प्रदक्षिणा झाली आणि सोमलिंगने शेवटी तिला कोपऱ्यात गाठून तोंडातला कागद खेचला. शेळीने दात आवळले.

"वढू नगंस! फाटंल!" बाळासोने त्याला बाजूला सारलं. त्याच्या घरी चाळीस शेरडं-मेंढरं होती, त्यामुळे इथे त्याचा शब्द शेवटचा. "शेळीच्या तोंडातनं काय काडायचं तर गालाच्या कोपऱ्यात अंगठा घालायचा. आसा. दात नसत्यात तितं."

शेळीने तोंड उघडलं. ओलाकच्च अर्धा कागद बाहेर आला. त्यावर झेंडूची पाकळी, कुंकवाचा डाग, आणि त्याखाली अक्षरं होती: 'विरुपा'.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे. भिंतीला टेकून निर्माल्याच्या दोन गोण्या ठेवल्या होत्या. मल्लव्वाने एकीचं तोंड उघडलं. बेल, झेंडू, शेवंती, आणि त्यांच्यात गुलाबी, गुलाबी, गुलाबी!

"अगं बाई!" ती मटकन खालीच बसली.

देवळाच्या दारात शिवबाई फुलं विकायची. तिला विचारलं तर ती म्हणाली, "त्यात नवल काय, बाळ? लग्नाची पत्रिका छापली की पहिली देवापुढं ठेवतोच की! तशी मी माझी चिठ्ठी ठेवली. माझं बघून साऱ्या पेठेनं ठेवली. देवाचा हात लागला म्हणजे विरुपाक्ष जिंकणारच की."

"पण मग बरणीत कोण टाकणार होतं?"

"स्वामी नेऊन देतील की शेठला!"

शिवय्या स्वामी, म्हणजे देवळाचे पुजारी, आत बाजेवर पंख्याने वारा घेत होते. ते म्हणाले, "मला कुणी बोललं का? मला वाटलं, नवसाच्या चिठ्ठ्या असतील. एवढा नवस एकाच आठवड्यात कसा आला, असं वाटलं खरं. पण या उन्हात विचार कोण करणार!"

बघा! एकशे एकतीस मोठी माणसं, आणि प्रत्येकाला वाटलं की पुढचं दुसरा बघेल. मुलांनी असं केलं असतं तर कान पिळले असते.

"स्वामी, त्या गोण्या आम्हाला द्या ना. साडेचार होत आले. पाचला मोजणी आहे."

"छे! देवाला वाहिलं ते वाहिलं. परत घ्यायला देव काय उसनवारी करतो? आता गाडा येईल, निर्माल्य विहिरीवर जाईल."

"पण काका श्रीपूरला जाईल हो!"

"मला वाईट वाटतं, पोरी. पण रीत म्हणजे रीत."

मल्लव्वा पायरीवर बसली. ओरडायलाही अंगात त्राण नव्हतं. समोर कुणीतरी फोडलेल्या नारळाची करवंटी पडली होती. ती तिच्याकडे कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "स्वामी, नारळ वाहतात तो देवाचाच ना?"

"हो."

"मग त्यातली अर्धी वाटी तुम्ही परत कशी देता?"

"अगं, तो प्रसाद!"

"मग मला प्रसाद द्या." मल्लव्वाने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. "गुलाबी."

स्वामींचा पंखा थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, गोण्यांकडे पाहिलं, आणि हसण्याने त्यांचं पोट हलायला लागलं. "कोड्यात पकडलंस की गं मला! प्रसाद मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. पण ऐक, ज्याचा प्रसाद त्याने घ्यायचा, आणि इथे येऊन घ्यायचा. तुला एकटीला सगळा मिळणार नाही."

"सोम्या! घंटा!"

सोमलिंगने घंटेचा दोर असा हिसकला की कबुतरंसुद्धा दचकून उडाली. बाळासो गल्लीगल्लीतून ओरडत सुटला, "प्रसाद घ्या हो, प्रसाद! लई जरुरीचा हाय!" दारं करकरली. डोळे चोळत, डोक्यावर टॉवेल आणि पदर घेत, "काय झालं? कोण गेलं?" असं विचारत माणसं येऊ लागली. स्वामी अक्षर ओळखायला लावून ज्याची चिठ्ठी त्याला देत होते, मल्लव्वा फुलांतून चिठ्ठ्या वेचत होती, आणि घेणारा प्रत्येक जण तोंडात बोट घालून म्हणत होता, "अरेच्चा! पोचलीच नव्हती होय?"

पाचला सात मिनिटं कमी असताना बसलिंगप्पा शेठच्या दुकानावर ती रांग थडकली. शेठ डोळे फाडून बघतच राहिले. मग भानावर येऊन म्हणाले, "हे चालणार नाही! चिठ्ठ्यांना हळदकुंकू काय, बेल काय, आणि ही, ही तर कुणीतरी चावलीय!"

"शेठ," स्वामी घाम पुसत पुढे आले, "हा देवाचा प्रसाद आहे. नको असेल तर तसं सांगा. सगळ्यांसमोर सांगा."

शेठनी भरल्या रांगेकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि बरणी पुढे सरकवली.

मोजणी सुरू झाली. गॅरेजातून विरुपाक्षकाकाला कुणीतरी ओढून आणलं होतं. हाताला ग्रीस तसंच, तो दाराशी भिंतीला टेकून उभा होता. केकीही आला होता, आणि तो हसत हसत सगळ्यांना जागा करून देत होता. शेठ नावं मोजत होते आणि मल्लव्वा कारणं वाचत होती.

"विरुपाक्ष. का? पडला की आधी गाडी उचलतो, मग स्वतःला."

"विरुपाक्ष. का? माझ्या आजारी पोरीला त्याने गाडीवरून दवाखान्यात नेलं. एवढे खड्डे, पण पोर जागीसुद्धा झाली नाही."

"विरुपाक्ष. का? आमच्या गल्लीतला आहे, आणखी काय पाहिजे?"

काकाने मान खाली घातली होती. आठ वर्षांत त्याला असं कुणी काही सांगितलं नव्हतं. पेठेची माणसं तोंडावर कौतुक करत नाहीत, हीही एक रीतच!

मग बरणीत खाली दबलेली एक चिठ्ठी मल्लव्वाच्या हातात आली. तिला कुंकू नव्हतं. होता काळ्या ग्रीसचा अंगठा. अक्षर तिने लगेच ओळखलं. दरवर्षी जूनमध्ये तिच्या वह्यांवर तेच अक्षर तिचं नाव लिहायचं. चिठ्ठीवर होतं: 'केकी. का? विरुपाक्ष आता दमला आहे.'

सगळे वाट बघत होते.

"केकी," ती म्हणाली. "कारण लिहिलेलं नाही."

शेठनी ती चिठ्ठी केकीच्या गठ्ठ्यात टाकली. शेवटी केकीला चौऱ्याण्णव मिळाल्या आणि विरुपाक्षला एकशे अठरा. उरलेल्या शेळीच्या पोटात नाहीतर फुलांच्या पाण्यात विरघळलेल्या! दुकानात असा गलका झाला की सांगता सोय नाही. केकीनेच पहिल्यांदा काकाचा हात धरून हलवला. शेठनी किल्ली दिली आणि मुलांकडे वळून म्हणाले, "पुढच्या वेळी बरणी यांच्याच घरी ठेवतो. मोठ्या माणसांवर भरवसा नाही राहिला!" स्वामी म्हणाले, "देवालाही रीत शिकवणारी पोरगी बघितली मी आज." शिवबाईने मल्लव्वाला गजरा दिला. बाळासोला आणि सोमलिंगला गारेगार मिळालं, दोन दोन.

घरी जाताना काकाने किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "त्या चिठ्ठीवर कारण होतं की."

"मला अक्षर लागलं नाही," मल्लव्वा म्हणाली.

काकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ग्रीस लागलं, पण तिने ते पुसलं नाही.

रविवारी शर्यत जिंकली ती कोल्हापूरच्या एका पोराने, ज्याचं नाव गावातल्या एकाही चिठ्ठीवर नव्हतं! विरुपाक्षकाका तिसरा आला. दुसऱ्या फेरीत घसरला, उठला, आणि मग एकेकाला मागे टाकत आला. नव्या पेठेचा अंदाज चुकला, भवानी पेठेचा चुकला, आणि ग्रीसच्या अंगठ्यावाल्याचाही चुकला. तरी माळावर टोप्या उडायच्या थांबेनात.

काका धुळीने पांढरा झाला होता. गाडी लावून तो मातीतच बसला. मल्लव्वाने तांब्या पुढे केला. तो अर्धं पाणी प्याला, अर्धं त्याने डोक्यावर ओतलं.

"दमलास?"

"लई दमलो गं."

"मग उद्या श्रीपूर?" तिने घाबरत घाबरत विचारलं.

"उद्या झोपणार आहे. दिवसभर."

"आणि परवा?"

काकाने मान वळवून गाडीकडे पाहिलं. "परवा चेन बदलायला हवी. तू ये सकाळी, पाने-पक्कड धरायला कुणीतरी लागेल," असं म्हणून तो तिथेच धुळीत आडवा झाला.